आजीचं माहेर कुठल्या वहीत सापडतं?

भिवापुरातून आम्ही बोलतोय. मागच्या भाषणात मिरचीच्या साठवणुकीचा विषय होता. आजचा विषय कागदांचा आहे, पण त्याची सुरुवात झाली एका सहलीत, म्हणून आधी ती सांगतो.

आमच्या गटाच्या बाया रायगड किल्ला पाहायला गेल्या होत्या. परतताना समुद्र पाहायचा म्हणून अलिबागला मुक्काम केला. आमच्यातल्या निम्म्या जणींनी समुद्र पहिल्यांदा पाहिला, त्यामुळे दुसरं काही पाहायचं मनात नव्हतं. पण गावात फिरताना एका आळीचं नाव वाचलं, इस्राएल आळी. तिथे ज्यू लोकांचं प्रार्थनामंदिर आहे, मागेन अबोथ नावाचं. मूळचं १८४८ सालचं, १९१० मध्ये नव्यानं बांधलेलं. कोकणातल्या ज्यूंच्या दफनभूमीत उभे दगड असतात. दगडावर वर आपल्याला न कळणारी हिब्रू अक्षरं आणि खाली स्वच्छ देवनागरी मराठी. आम्ही एक दगड वाचत उभ्या राहिलो. एका बाईचं नाव, नवऱ्याचं नाव, सासरचं आडनाव, वारल्याची तारीख. आमच्यातल्या एक काकू म्हणाल्या, "अन् हिचं माहेर?" माहेर कुठलं, आई कोण, काही नाही. दगड आपल्या लिपीत बोलत होता, पण नेमका तेवढाच मुद्दा त्यानं गाळला होता.

परत आल्यावर त्या प्रश्नाचा आम्ही पिच्छा पुरवला. वाचलं, जाणकारांना विचारलं. जे कळलं ते इथे सांगतोय, कारण ते फक्त कोकणातल्या ज्यूंच्या कामाचं नाही.

आधी हे लोक कोण ते थोडक्यात. महाराष्ट्रातले ज्यू स्वतःला बेने इस्राएल म्हणवतात. त्यांची परंपरा सांगते की फार पूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर एक जहाज फुटलं आणि त्यातून सात जोडपी वाचली, त्यांचे हे वंशज. या गोष्टीचा लेखी पुरावा कुठे नाही. पण हे लोक कित्येक शतकं कोकणात राहिले, मराठी बोलले, घाण्यावर तेल काढून विकत राहिले, हे पक्कं आहे. शनिवार हा त्यांचा विश्रांतीचा दिवस, त्या दिवशी घाणा बंद. म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. आपल्या भागात तेल्यांचा घाणा काही नवा नाही, त्यामुळे ही गोष्ट ऐकून आमच्या काही बायांना फारच आपुलकी वाटली. त्यांच्या नवसाच्या प्रसादालाही मलिदाच म्हणतात, पोहे, गूळ आणि खोबऱ्याचा. विचारू नका, आम्ही घरी करून पाहिला.

आता हे लोक आपल्याकडे थोडे उरलेत. १९४८ साली इस्राएल देश झाला आणि पुढच्या वर्षांत बहुतेक कुटुंबं तिकडे गेली. २०११ च्या जनगणनेत सगळ्या भारतात मिळून ज्यू पाच हजारांच्या आत होते. २०१६ मध्ये महाराष्ट्र सरकारनं त्यांना अल्पसंख्याकाचा दर्जा दिला. पण इस्राएलमधल्या लोद, रामला, दिमोना, अश्दोद अशा गावांत आजही मराठी बोलणाऱ्या म्हाताऱ्या भेटतात. त्यांच्या नातवंडांना आपलं मूळ गाव हवं असतं, आणि ती मुलं कागद शोधत कोकणात येतात.

त्यांच्या हाती पहिला धागा असतो आडनावाचा. रोहेकर म्हणजे रोहा, पेणकर म्हणजे पेण, राजपूरकर म्हणजे राजपुरी, केहीमकर म्हणजे किहीम. कोकणातल्या शंभराहून जास्त गावांची नावं अशी आडनावांत जाऊन बसली आहेत. मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या नामांकित डॉक्टर जेरुशा झिराड यांचं नाव कुणी ऐकलं असेल. त्या काळात विलायतेला जाऊन बाळंतपणाचं शास्त्र शिकलेल्या, १९६६ साली पद्मश्री मिळालेल्या. त्यांच्या आडनावातलं झिराड हे अलिबाग तालुक्यातलं गाव. मात्र आडनाव गाव सांगतं, जात-धर्म सांगत नाही. त्याच गावचे हिंदूही तेच आडनाव लावतात, मुसलमानही लावतात. म्हणून केवळ आडनाव जुळलं म्हणून हे आपलेच, असं धरून चालत नाही.

दुसरा धागा नावाचा, आणि तो जास्त गुंतलेला. बायबलमधली नावं आपल्या मराठी जिभेवर घासून गुळगुळीत झाली. मोझेसचा मुसाजी झाला, आयझॅकचा इसाजी, एझिकेलचा हसाजी. मुंबईतलं त्यांचं सगळ्यात जुनं प्रार्थनामंदिर १७९६ सालचं. ते बांधणारा फौजेतला सॅम्युअल एझिकेल दिवेकर, तोच मराठी कागदांत सामाजी हसाजी दिवेकर. जो माणूस इंग्रजी कागदात सॅम्युअल शोधेल आणि मराठी कागदात सामाजी शोधणार नाही, त्याला अर्धाच आजोबा सापडेल. जातीच्या रकान्याचंही तसंच. कुठे शनवार तेली लिहिलंय, कुठे इस्राएल, कुठे यहुदी, पुढे ज्यू. माणूस एकच, लिहिणारा कारकून वेगळा, काळ वेगळा.

हे ऐकून आमच्या बैठकीत बरीच कुजबुज झाली, कारण हे आपल्याला नवं नाही. नागपूरच्या १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर ज्या घरांत मुलांच्या दाखल्यावर बौद्ध लागलं, त्या घरातल्या आजोबांच्या कागदावर जुना शब्द आहे. जात पडताळणीला दोन्ही कागद जोडून नातं दाखवावं लागतं. ज्या घरातली मुलगी नर्सिंगला किंवा इंजिनीअरिंगला गेली, त्या घराला हे तोंडपाठ आहे.

आता मूळ मुद्दा. बाईचं नाव कुठे आणि कसं सापडतं?

ज्यू धर्मशास्त्रात आई ज्यू असली की मूल ज्यू. वंश आईकडून मोजतात. इथे ही गोष्ट शतकानुशतकं कुणी तपासली नाही, कारण गावात सगळ्यांना सगळं माहीत होतं. पण इस्राएलला गेल्यावर तिथल्या मुख्य धर्मगुरूंच्या मंडळानं १९६२ मध्ये हुकूम काढला, की बेने इस्राएल मुलामुलीचं लग्न इतर ज्यूंशी लावायचं असेल तर आधी त्यांची आई, आजी, पणजी, जितकं मागे जाता येईल तितकं तपासा. विचार करा. बोट धरून कोकणातून आलेल्या म्हातारीला कुणी विचारतंय, तुझ्या आईची आई कोण होती ते कागदावर दाखव. लोक चिडले. १९६४ च्या उन्हाळ्यात या माणसांनी यरुशलेममध्ये ठाण मांडलं. ऑगस्टमध्ये तिथल्या संसदेनं खास बैठक घेतली, बेने इस्राएल हे सर्व बाबतींत बरोबरीचे ज्यू आहेत असं ठरवलं, आणि मग हुकुमातला त्यांच्या नावाचा उल्लेख निघाला. ही लढाई त्यांनी कागदावर जिंकली नाही, रस्त्यावर बसून जिंकली. कागद असते तरी पुरे पडले असते का, याची आम्हाला शंकाच आहे. पण ज्या आजीचं नाव मागितलं, तिचंच नाव वह्यांत सगळ्यात कमी लिहिलेलं, ही गोष्ट मनात घर करून राहिली.

तरी तिला शोधायची एक वाट आहे, आणि ती फार हुशारीची आहे. ज्यू लग्नात एक करारपत्र लिहितात, त्याला केतुबा म्हणतात. नवरा बायकोला काय देणं लागतो, सोडलं तर किती रक्कम द्यायची, हे त्यात असतं. साक्षीदार सह्या करतात आणि कागद बायकोच्या ताब्यात देतात. घरातला हा एक कागद हक्कानं बाईचा. तो तिच्या पेटीत राहतो, त्यामुळे पुष्कळदा सुना-लेकींच्या पेटीतच सापडतो. लग्नाच्या नोंदीची वही प्रार्थनामंदिरातही असते. केतुब्यात नवऱ्याचं आणि त्याच्या बापाचं नाव असतं, नवरीचं आणि तिच्या बापाचं नाव असतं. आईचं नाव सहसा नसतं. मग आईपर्यंत जायचं कसं? नवरीच्या बापाचं नाव धरायचं आणि त्या बापाच्या लग्नाचा केतुबा शोधायचा. त्यात जी नवरी आहे, ती आपल्या नवरीची आई. तिच्या बापाचं नाव घेऊन आणखी एक पायरी मागे. आईकडून आईकडे जायला दर वेळी बापाच्या लग्नातून जावं लागतं. फक्त एवढं पाहायचं की त्या बापाची दोन लग्नं झालेली नाहीत ना. पहिली बायको बाळंतपणात जाणं त्या काळी दुर्मीळ नव्हतं. मुलीच्या जन्माचं साल आणि लग्नाचं साल ताडून पाहिलं म्हणजे कळतं.

साल ताडायचं म्हणजे हिशेब आला. ज्यू सन आपल्यापेक्षा बराच मोठा दिसतो. त्यातून ३७६० वजा केले की इंग्रजी साल येतं. ५६७० म्हणजे १९१०. त्यांचं वर्ष भाद्रपद-आश्विनाच्या सुमाराला बदलतं, म्हणून शेवटच्या तीन-चार महिन्यांत एका वर्षाचा फरक पडू शकतो. दगडांवर हजाराचा आकडा पुष्कळदा गाळतात आणि नुसतं ६७० लिहितात. तेव्हा त्यात १२४० मिळवायचे. आपल्याकडे शके असेल तर ७८ मिळवायचे, १८३२ शके म्हणजे १९१०. जुन्या महसुली कागदांवर फसली सन असतो, त्यात ५९० च्या आसपास मिळवतात. आमच्या गटात सातवी शिकलेल्या ताईंनी हा हिशेब सगळ्यांत आधी पकडला, आणि पदवीवाल्या दोघी बोटं मोजत बसल्या होत्या.

धर्माच्या वह्या संपल्या की सरकारी कागद लागतात. बेने इस्राएल घरांतले पुष्कळ पुरुष इंग्रजांच्या मुंबई फौजेत होते, सुभेदारापर्यंत चढलेले. पुढे रेल्वे, पोस्ट, कस्टम अशा नोकऱ्यांत गेले. फौजेचे आणि कंपनी सरकारचे पुष्कळ कागद लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. महाराष्ट्र सरकारचं पुराभिलेखागार मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे, आणि पुण्याच्या शाखेत पेशवे दफ्तर आहे. त्यातले कागद मोडीत. मोडी वाचणारं माणूस बरोबर नसेल तर समोर ठेवलेला रुमाल नुसता पाहत बसावं लागतं. कुलाबा जिल्ह्याचं गॅझेटिअर १८८३ मध्ये छापलं, त्यात या समाजाचं वर्णन आहे. हाच कुलाबा १९८१ पासून रायगड. नकाशात कुलाबा शोधून लोक मुंबईतल्या कुलाब्यात पोचतात, असंही ऐकलं. शाळेची वही मात्र सगळ्यांत भरवशाची. १८७५ साली मुंबईत या समाजाची शाळा निघाली, हाइम सॅम्युअल केहीमकर यांच्या पुढाकारानं. याच केहीमकरांनी समाजाचा इतिहास लिहून ठेवला, १८९७ मध्ये लिहून झाला, पण पुस्तक छापून आलं १९३७ मध्ये, तेही तेल अवीवला. लेखक तोवर हयात नव्हते. जनगणनेच्या मागे लागू नका, हेही त्या शोधणाऱ्यांकडूनच शिकलो. तिथे आकडे मिळतात, माणसांची नावं मिळत नाहीत.

एक गोष्ट सांगायला हवी. युरोपातल्या ज्यूंचं हेच शोधणं फार वेगळं आणि फार दुःखाचं असतं. तिथे हिटलरच्या काळात माणसंही मारली गेली आणि पुष्कळ गावांच्या नोंदीही गेल्या. यरुशलेमच्या याद वाशेम या संस्थेनं एकेक करून चाळीस लाखांहून जास्त नावं गोळा केली आहेत. आपल्या कोकणात असं काही घडलं नाही. इथे कागदाचे वैरी म्हणजे वाळवी, पावसाळा, आणि "काय करायचंय ते जुनं" म्हणणारी आपलीच माणसं.

आता भिवापूरकडे येऊ. आमच्यातल्या एका बाईच्या मुलीचं जात पडताळणीचं प्रकरण अडलं होतं. एका कचेरीत त्यांना चार खेपा घालायला लावल्या. दर वेळी "वही सापडत नाही" हेच उत्तर. पाचव्यांदा त्यांनी तोंडी विचारणं सोडलं आणि लेखी अर्ज दिला, पोच घेतली, वहीचं नाव आणि साल लिहून. वही सापडली. कुणाचं नाव घेऊन दोष द्यायचा नाही, पण नुसतं "आमचे जुने कागद द्या" म्हटलं तर कोणीच देत नाही. वहीचं नाव सांगावं लागतं.

ती नावं अशी. आपल्या भागात गावचा जन्ममृत्यू कोतवाल लिहायचा, त्या वहीला कोतवाल बुक किंवा कोतवाल पंजी म्हणतात. ती तहसीलच्या अभिलेख कक्षात असते. जमिनीसाठी बंदोबस्त मिसल, अधिकार अभिलेख, निस्तार पत्रक. त्यात घरमालकाचं नाव आणि पुष्कळदा जातही असते. शाळेत दाखल खारीज रजिस्टर. ते मागताना आजोबांचं पूर्ण नाव आणि अंदाजे साल दोन्ही सांगा, मुख्याध्यापकांना पानं उलटायला सोपं जातं. कचेरीतून घ्यायची ती झेरॉक्स नाही, सही-शिक्क्याची नक्कल. राज्याच्या पुराभिलेख विभागाची शाखा नागपुरातही आहे. तिथे जायचं तर ओळखपत्र न्या, आणि बरोबर पेन्सिल ठेवा. भूमी अभिलेख खात्यानं काही जिल्ह्यांचे जुने कागद संगणकावरही टाकलेत, सेतू केंद्रावरच्या मुलाला विचारा. नाशिक, त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीच्या वह्यांतही गावोगावच्या घराण्यांच्या पिढ्या लिहिलेल्या असतात. आपले सासरे तिथे जाऊन आले असतील तर नाव मिळायची आशा असते.

या सगळ्यांत बाईला कुठे शोधायचं? तोच केतुब्यावाला मार्ग. आईचा कागद हवा असेल तर आईच्या माहेरच्या गावी जा. तिच्या बापाच्या नावानं कोतवाल पंजीत मुलीचा जन्म पाहा. तिथे बहुधा नुसतं "मुलगी" असं लिहिलेलं असतं, कारण बारसं व्हायच्या आधी कोतवालानं नोंद केलेली. ते पाहून हिरमुसू नका. साल आणि बापाचं नाव जुळलं तर शाळेच्या रजिस्टरशी ते ताडता येतं. आपल्या बायांची नावंही लग्नात बदलली जातात. माहेरची कमला सासरी लक्ष्मी होते. पुढे रेशनकार्डावर एक, आधारवर दुसरं, बँकेत तिसरं. बचत गटाचं कर्ज अडलं की तेव्हा आठवतं. शोधताना दोन्ही नावं एका चिठ्ठीवर लिहून ठेवा. जात पडताळणीत नातं बापाकडून मोजलं जातं, त्यामुळे लग्न झालेल्या मुलीला पुरावे माहेरून आणावे लागतात. भावाशी बोलणं तुटलेलं असेल तर फार जड जातं. लग्नाच्या आधीच नकला काढून मुलीच्या हाती द्याव्या, असं आमचं मत झालंय. दागिन्यांच्या डब्यात ठेवा म्हणावं.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आपल्या राज्यात मुलाचं नाव, मग आईचं नाव, मग वडिलांचं नाव आणि आडनाव, असा क्रम आला आहे. ज्यांच्या घरी त्यानंतर पाळणा हलला, त्यांनी जन्मदाखला नीट तपासा. आईचं नाव चुकलं असेल तर आत्ताच दुरुस्त करून घ्या.

कचेरीत जायच्या आधी घरातली म्हातारी गाठा. इस्राएलहून येणारी मुलंसुद्धा आधी आजीजवळच बसतात, मग अलिबागचं तिकीट काढतात. तिकडे मायबोली नावाचं मराठी नियतकालिकही चालवलं गेलं, आज्यांच्या भाषेतच. आजीला एकदम "तुमची वंशावळ सांगा" म्हटलं तर ती म्हणेल, मला काय ठाऊक. तिला विचारा, तुझ्या लग्नात रुखवतात काय होतं, बंडी कुठून कुठे गेली, मामा कोण उभा होता, पहिल्या बाळंतपणाला कुठे गेलीस. गावं आपोआप निघतात. आमच्या गटातल्या एका आजीनं अशाच गप्पांत आपल्या आईच्या आईचं नाव सांगितलं आणि मग स्वतःच गप्प झाली. म्हणाली, हे नाव तोंडातून निघून साठ वर्षं झाली.

अलिबागच्या त्या दगडाचा फोटो काकूंच्या फोनमध्ये आहे. माहेरचा पत्ता अजून लागलेला नाही. त्या बाईच्या नवऱ्याचं आडनाव ज्या गावचं, तिथल्या शाळेला आम्ही पत्र टाकलंय.

नकलेच्या अर्जाचा नमुना आमच्या गटाच्या खोलीत ठेवला आहे. बाजाराच्या दिवशी दुपारी दोन ते पाच आम्ही तिथे असतो. येताना आजोबांचं, आजीचं आणि आजीच्या माहेरच्या गावाचं नाव कागदावर लिहून आणा. लिहिता येत नसेल तर नुसतं सांगा, लिहून घ्यायला आम्ही आहोत.